सोलापूरहून यॉटवर: समुद्रविज्ञानाच्या कामासाठी खासगी बोटीवर जागा कशी मिळवायची

सोलापुरातून नकाशावर सरळ पश्चिमेला रेघ ओढली तर ती दाभोळच्या आसपास समुद्राला भिडते. मधलं हवाई अंतर तीनशे किलोमीटरही नाही. तरी आपल्याकडे ‘यॉट’ (हौसेची खासगी बोट) म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘‘किती कोटींची?’’

हा लेख यॉट घेणाऱ्यांसाठी नाहीच. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरण असं काही शिकलेल्या, किंवा नुसतीच समुद्राची ओढ असलेल्या आणि दुसऱ्याच्या बोटीवर कामाचा माणूस म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे. मी या वाटेने गेले. तेव्हा माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, तीही बरीचशी इंग्रजीतून. ती एका जागी असावी म्हणून लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. मालकाकडे बोट असते, शास्त्रज्ञाकडे प्रश्न असतो. दोघांनाही हवा असतो तो हलत्या बोटीवर, भर उन्हात, तेच ते मोजमाप न कंटाळता करणारा आणि ते नीट लिहून ठेवणारा माणूस. असा माणूस सोलापुरात तयार होऊ शकतो. त्यासाठी समुद्र रोज दिसायला हवा असं काही नाही.

‘‘हौसेच्या बोटीवर कसलं संशोधन?’’ हे घरचे विचारणारच. त्यांना दोन गोष्टी सांगा. १८६५ साली पोपच्या वाफेच्या यॉटवरून आंजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाणी किती नितळ आहे ते मोजलं. ती पद्धत आजही जगभर चालते. दुसरी गोष्ट मोनॅकोच्या पहिल्या आल्बेर राजाची. तो राजपुत्र असल्यापासून स्वतःच्या बोटींवरून समुद्राचा अभ्यास करायचा. १९०१ मध्ये त्याच्या यॉटवर शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे ‘फायसेलिया’चं विष तपासत होते. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर फुगा आणि लांब दोऱ्या असलेला जो प्राणी येऊन पडतो, तोच हा. त्या कामातून पुढे ‘अॅनाफायलॅक्सिस’, म्हणजे जिवावर बेतणारी अॅलर्जी, वैद्यकाला कळली आणि रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर थोडा वेळ बसवून ठेवतात, त्यामागे हीच भीती असते.

आजही हा प्रकार जोरात चालू आहे. जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांनी ‘सॉर्सरर टू’ या आपल्या शिडाच्या बोटीतून जगाची फेरी मारत समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए गोळा केला. ‘तारा’ नावाच्या ३६ मीटर लांबीच्या फ्रेंच शिडाच्या बोटीने २००९ ते २०१३ या काळात जगभरचे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तपासले. १९९८ मध्ये काही यॉटमालकांनी मिळून ‘सीकीपर्स’ ही संस्था काढली. मालकांनी आपल्या बोटीचे काही दिवस शास्त्रज्ञांना द्यावेत, यासाठी ती काम करते. कारण उघड आहे. संशोधनाचं मोठं जहाज एक दिवस चालवायला लाखो रुपये लागतात आणि त्यावर जागा मिळवायला शास्त्रज्ञांची रांग असते. खासगी यॉट मात्र वर्षातले कितीतरी दिवस नुसत्या नांगरून पडलेल्या असतात.

१. आधी काम ठरवा, बोट नंतर

नवखा माणूस उलटं करतो. आधी बोटींचे फोटो बघतो, मालकांना ‘मला समुद्र फार आवडतो’ असा मेसेज पाठवतो, आणि उत्तर येत नाही म्हणून खट्टू होतो. समुद्र मालकालाही आवडतो, म्हणून तर त्याने बोट घेतली. तुम्ही काय मोजणार ते सांगा.

लहान बोटीवरून होणारी कामं ठरलेली आहेत. पाण्याचा नितळपणा मोजणं. प्लवकांची जाळी ओढणं. ‘मांटा’ जाळीने पृष्ठभागावरचं सूक्ष्म प्लास्टिक गोळा करणं. या जाळीची छिद्रं साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची असतात. पाणी गाळून त्यातला डीएनए जपणं. डॉल्फिन आणि देवमासे दिसले की जागा, वेळ, संख्या आणि फोटो नोंदवणं. ‘आर्गो’ हे आपोआप खालीवर होत तापमान आणि खारटपणा मोजणारे तरंगते मापक पाण्यात सोडणं. २०२० च्या ‘व्हॉन्दे ग्लोब’ या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीतल्या बोटींनीही ते सोडले होते. यातलं एक निवडा. दोन नको.

माझं मत विचाराल तर सुरुवात नितळपणापासून करा. खर्च जवळजवळ नाही, नमुना घ्यायचा नाही, रसायन नाही, आणि चूक लगेच कळते.

एक काम मात्र नवख्याने टाळावं, ते म्हणजे खोलीच्या नोंदी. समुद्रतळाचा नकाशा २०३० पर्यंत पूर्ण करण्याचा जागतिक प्रकल्प चालू आहे आणि त्यासाठी बोटींकडून खोलीचे आकडे मागवले जातात. पण आपल्या किनाऱ्यालगतची खोली हा संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक विषय आहे. आपल्याकडचे अधिकृत सागरी नकाशे नौदलाचं देहरादूनचं जलालेखन कार्यालय काढतं. परस्पर आकडे कुठे पाठवू नका.

२. सेक्कीची तबकडी घरी बनवा आणि तलावात हात बसवा

साहित्य:
– पांढऱ्या अॅक्रिलिकची ३० सेंटिमीटर व्यासाची गोल चकती (साइन बोर्ड बनवणारे कापून देतात)
– मधोमध भोक, त्यातून जाणारा आय-बोल्ट (वर दोरी बांधायला कडी असलेला बोल्ट) आणि दोन नट
– खाली अडकवायला वजन. वाण्याकडचं जुनं किलोचं माप चालतं
– न ताणणारी दोरी आणि पक्क्या शाईचा मार्कर
– मोजपट्टी

दोरी आधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि मग ओल्या दोरीवरच खुणा करा. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची ताणते, आणि कोरडेपणी केलेल्या खुणा सगळ्या खोट्या पडतात. खुणा दर २० सेंटिमीटरला, आणि दर मीटरला वेगळा रंग.

पद्धत अशी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान चकती सरळ खाली सोडायची. नजरेआड होते त्या क्षणी दोरीवरचा आकडा वाचायचा. थोडी खाली जाऊ देऊन परत वर ओढायची आणि पुन्हा दिसते तो आकडा घ्यायचा. तलावात दोन्हींची सरासरी धरतात. गॉगल काढायचा. दोरी तिरकी गेली तर मोजमाप बाद, कारण मग तुम्ही खोली मोजत नसता, प्रवाह मोजत असता.

सराव कुठे? तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव आहे, उजनी आहे. तिथल्या मच्छीमारांशी बोलून, त्यांच्याच सोबतीने त्यांच्या नावेत जा. एकट्याने टायरच्या ट्यूबवर वगैरे नको. उजनीत पुण्याकडचं सांडपाणी येतं, पाण्याला शेवाळाचा हिरवा रंग असतो, त्यामुळे चकती पटकन गायब होते. त्याने निराश होऊ नका, सरावाला ते बरंच आहे. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात हीच चकती ८० मीटरच्या आसपास खोलीपर्यंत दिसल्याची नोंद आहे. आपल्याकडे सकाळ-दुपारचा आणि पावसाआधी-नंतरचा फरक टिपता आला तरी हात बसला म्हणायचं.

आणि लाइफ जॅकेट. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. धरणाचं पाणी शांत दिसतं, पण वारा सुटला की ते समुद्रापेक्षा बरं नसतं. नावाड्याकडे जॅकेट नसेल तर स्वतःचं घेऊन जा. तेही नसेल तर नावेत पाय ठेवू नका.

३. नोंदवही: जागा मिळते ती हिच्यामुळे

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेकांचे आकडे इथेच वाया जातात.

पहिली गोष्ट जागेची. अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या दोन रीती सर्रास चालतात. फोन दशांश अंश दाखवतो, बोटीवरचं जीपीएस बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं. सोलापूरचा अक्षांश फोनवर १७.६६ असा दिसेल. बोटीच्या यंत्रावर तोच १७ अंश ३९.६ मिनिटं असा दिसेल. घाईत कुणी ते १७.३९६ असं उतरवलं की जागा २९ किलोमीटर दक्षिणेला सरकते. म्हणजे सोलापूर शहरात घेतलेली नोंद पार कर्नाटकाच्या हद्दीपाशी जाते. जमिनीवर हे लगेच लक्षात येतं, कारण गाव बदलतं. समुद्रात सगळीकडे पाणीच, त्यामुळे कुणालाच कळत नाही. म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहून ठेवा: कोणती रीत, कोणतं यंत्र.

दुसरी गोष्ट वेळेची. समुद्रावरच्या नोंदी जागतिक वेळेत लिहितात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेचारला पाणी भरलंत तर जागतिक वेळेत तो आदल्या दिवशीचा रात्रीचा अकराचा नमुना होतो. तारीख बदलते! दोन्ही वेळा लिहा, शेजारी शेजारी.

तिसरी गोष्ट, जे घडलं नाही तेही लिहायचं. दोन तास समुद्र न्याहाळला आणि एकही डॉल्फिन दिसला नाही, तर ‘दोन तास, शून्य’ ही नोंद झाली. ती गाळली तर तुम्ही नुसते भाग्याचे दिवस लिहिताय. हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण जातं. शून्य लिहायची लाज वाटते म्हणे.

प्रत्येक नोंदीत एवढं हवंच: तारीख, दोन्ही वेळा, जागा, वाऱ्याची दिशा आणि अंदाजे जोर, आकाश किती ढगाळ, लाटा, कोणी मोजलं, कोणत्या साधनाने. शिसपेन्सिल वापरा, पेनची शाई ओली झाली की पसरते. खाडाखोड करायची तर एक आडवी रेघ आणि सही. खोडरबर बोटीवर आणूच नका. रोज संध्याकाळी पानाचा फोटो काढून ठेवा.

तलावावरच्या अशा नोंदींची एक वही भरली की तुमच्या हातात दाखवायला काहीतरी आहे. पुढे पत्राला हिचीच पानं जोडायची.

४. पोहणं, शीड आणि बोट लागणं

पोहता आलंच पाहिजे. शर्यतीचं पोहणं नको. कपड्यांसकट दहा-पंधरा मिनिटं न घाबरता तरंगता आलं पाहिजे. महापालिकेच्या जलतरण तलावात एक उन्हाळा घाला, काम होतं.

शीड शिकायला सोलापूरकराला सगळ्यात सोयीचं हैदराबाद. तिथेही समुद्र नाही, पण हुसेनसागरावर शिडाच्या बोटींचे क्लब आहेत, शर्यती होतात, नवशिक्यांना शिकवतात. रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोचतो. मुंबईत कुलाब्याला क्लब आहेत आणि तिथे खरा समुद्र, खरी भरती-ओहोटी मिळते. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था यांत्रिक बोट चालवणं आणि जीवरक्षण शिकवते. पाण्याखालचं काम करायचं असेल तर मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा केंद्र आहे. परदेशी बोटींवर ओळखलं जाणारं प्रमाणपत्र हवं असेल तर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा ‘कॉम्पिटंट क्रू’ हा पाच दिवसांचा कोर्स पुरेसा आहे. त्यापुढचे कोर्स स्वतः बोट चालवायची असेल तरच करा.

बोटीत चढण्याआधी किनारा बघा. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरचे जीव दाखवायला फेऱ्या काढतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी खोल जाते, तेव्हा जास्त दिसतं. फक्त ती निळी दोरीवाली फायसेलिया दिसली तर मेलेली असली तरी हात लावू नका.

आता बोट लागणं. ज्याला एसटीत घाटात गाडी लागते त्याला बोट लागेलच असं नाही, आणि ज्याला कधीच काही होत नाही तोही पहिल्या दिवशी आडवा होतो. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून एखादी गोळी सोलापुरातच सुटीच्या दिवशी घेऊन बघा. बोटीवर क्षितिजाकडे बघत राहा, खाली केबिनमध्ये जाऊन फोन बघू नका. रिकाम्या पोटी राहू नका. इथे आपली कडक भाकरी कामाला येते: कोरडी, टिकाऊ, वास नसलेली. शेंगाचटणी पहिल्या दिवशी डब्यातच राहू द्या.

५. कागदपत्रं

– पासपोर्ट, किमान सहा महिने वैध (आपल्याच किनाऱ्यावर फिरणार असाल तर आधार पुरे, पण मालक विदेशी असेल तर पासपोर्ट मागतो)
– डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र. रक्तगट, अॅलर्जी आणि चालू औषधांसकट
– पोहण्याचं आणि शीड कोर्सचं प्रमाणपत्र
– प्रथमोपचाराचा कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र
– कॉलेज, विद्यापीठ किंवा ज्या संस्थेसाठी नमुने घेणार तिचं पत्र, लेटरहेडवर
– विमा, त्यात ‘शिडाच्या बोटीवरचा प्रवास’ वगळलेला नाही ना, हे वाचून बघा
– पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सगळ्याच्या प्रती, प्लास्टिकच्या पिशवीत

पगारी खलाशी म्हणून यॉटवर जायचं असेल तर रस्ता वेगळा आहे. त्याला एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) प्राथमिक सुरक्षा कोर्स, नौवहन महासंचालनालयाचा इंडॉस क्रमांक (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि त्यांनी मान्य केलेल्या डॉक्टरांची तपासणी लागते. इथला सापळा मोठा आहे. ‘यॉटवर नोकरी, महिना अमुक डॉलर, आधी दोन लाख भरा’ असं सांगणारे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनाही गाठतात. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. पैसे मागितले की तिथेच उठा.

६. परवानग्या: इथे शहाणपणा करू नका

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपलं प्रादेशिक पाणी, आणि २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याप्रमाणे या आर्थिक क्षेत्रात संशोधन करायला केंद्र सरकारचा परवाना किंवा करार लागतो. तेव्हा ‘आपण तर फिरायला चाललोय, जाता जाता जाळी ओढू’ हे चालत नाही. बोट परदेशी झेंड्याची असेल तर आणखी कडक: संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार संशोधनाची माहिती किनारी देशाला सहा महिने आधी द्यावी लागते आणि त्याची संमती लागते.

म्हणून नवख्यासाठी एकच सरळ मार्ग आहे: एखाद्या संस्थेच्या चालू, मंजूर प्रकल्पात शिरायचं. परवानगीचा कागद त्यांचा असतो, तुम्ही हात देता.

आणखी काही कलमं, थोडक्यात. प्रवाळ, समुद्री पंखे आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे परदेशी माणसाला इथले जैविक नमुने नेण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. ‘तुझ्या बॅगेतून एवढी बाटली आण’ असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नाही म्हणा. ड्रोन विचारल्याशिवाय उडवू नका. आणि सॅटेलाइट फोन: परदेशी यॉटवर तो सुरक्षेचं साधन म्हणून सर्रास असतो, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना तो बाळगणंही गुन्हा आहे. बोटीवर असला तर कागद आहे का, एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

७. संस्था गाठा, मग बोट

सोलापूरहून जवळची समुद्रविज्ञानाची मोठी संस्था हैदराबादलाच आहे, ‘इन्कॉइस’, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. लाटा, प्रवाह आणि वाऱ्याचे रोजचे अंदाज तीच देते, आणि तिच्या प्रशिक्षण केंद्राचे कोर्स असतात. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ पासूनची. तिचं एक केंद्र मुंबईतही आहे. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था.

पत्र संचालकांना लिहू नका. ज्या विषयात काम करायचं आहे त्यातला त्यांचा एखादा निबंध वाचा आणि थेट त्या शास्त्रज्ञाला लिहा. पत्र दहा ओळींचं. मी कोण, मला काय मोजता येतं, ही माझ्या नोंदींची दोन पानं, मी अमुक महिन्यात इतके दिवस मोकळी आहे. बस. ‘लहानपणापासून समुद्राचं वेड’ वगैरे पूर्ण गाळा. आठवड्याने एकदा आठवण करा. दुसऱ्यांदाही उत्तर नाही आलं तर पुढचा.

बोटी मुंबईत गेटवेसमोर, गोव्यात मांडवीत आणि कोचीत बोलगट्टीच्या मरीनात (यॉट उभ्या करायच्या धक्क्यावर) दिसतात. जगप्रवासाला निघालेल्या परदेशी यॉट कोचीत थांबतात आणि त्यांच्यावर काही वेळा माणूस हवा असतो. पैसे भरून सामील होता येणाऱ्या मोहिमाही आहेत, उदाहरणार्थ प्लास्टिकचा अभ्यास करणारी फक्त बायकांची ‘एक्सपेडिशन’. अशा ठिकाणी ‘स्वयंसेवक’ याचा अर्थ फुकट असा नसतो. जेवण, इंधन आणि बोटीचा वाटा धरून रक्कम मोठी होते. पूर्ण हिशोब लेखी मागा. आणि मुंबईत दोन तास फिरवून, हातात जाळी देऊन फोटो काढणारी ‘संशोधन सफर’ कुणी विकत असेल तर ती मजा म्हणून करा, कामाच्या अनुभवात धरू नका.

८. मालकाला विचारायचे प्रश्न

संकोच करू नका. चांगला मालक किंवा कप्तान या प्रश्नांनी खूश होतो. चिडला तर उत्तर मिळालंच.

बोटीची नोंदणी कुठे आहे, महाराष्ट्रात असेल तर सागरी मंडळाचे कागद आहेत का? किती माणसांची परवानगी, आणि आपण किती? लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील का, जीव वाचवायचा तराफा कधी तपासला? व्हीएचएफ रेडिओ चालतो का (संकटात चॅनल १६)? तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फोनमध्ये आधीच टाकून ठेवा, पण किनारा मागे पडला की रेंज जाते, हेही लक्षात असू द्या.

विम्याचा प्रश्न नेमका विचारा: खलाशांच्या यादीत माझं नाव असेल का? हौसेच्या बोटीचा विमा बहुतेक वेळा धंद्याच्या वापराला लागू होत नाही. मालकाने शास्त्रज्ञाकडून भाडं घेतलं की ती बोट ‘हौसेची’ राहत नाही आणि अपघातात कंपनी हात वर करते.

बायकांसाठी वेगळं: झोपायची जागा कुणाबरोबर, दार आतून बंद होतं का, बोटीवर आणखी कुणी बाई आहे का? हे फोनवर नाही, लेखी विचारा. आणि बोटीचं नाव, कप्तानाचा नंबर, निघण्याची आणि परतण्याची वेळ घरी देऊन ठेवा.

९. बॅग

मऊ पिशवी, चाकांची सूटकेस नको; ती ठेवायला बोटीत जागाच नसते. पांढऱ्या तळव्याचे बूट, कारण काळ्या तळव्याचे डाग सागवानी डेकवर उमटतात आणि मालक ते विसरत नाही. टोपीला दोरी. डोक्याला बांधायची लाल उजेडाची बॅटरी.

कपड्यांचा पेच आहे. सुती कपडा खाऱ्या दमटपणात वाळत नाही, म्हणून खलाशी कृत्रिम धाग्याचे कपडे घालतात. पण सूक्ष्म प्लास्टिकचं काम असेल तर तेच धागे उडून नमुन्यात पडतात आणि समुद्रातलं म्हणून मोजले जातात. तेव्हा नमुना घेताना सुतीच घाला, आणि भडक, वेगळ्या रंगाचं. म्हणजे धागा पडला तरी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. यासाठी सोलापूरच्या बाजारापेक्षा चांगली जागा नाही. चादर मात्र घरीच ठेवा, एकदा भिजली की आठवडाभर ओली राहते.

१०. बोटीवर काम

यॉट ही आधी कुणाची तरी सुटी असते, प्रयोगशाळा नंतर. पाहुणे पोहायला उतरले असतील तर जाळी थांबते. वाद घालू नका, कप्तानाशी आदल्या संध्याकाळी वेळा ठरवा.

जाळी टाकण्याआधी शौचालयाचं आणि मोरीचं पाणी सोडणं थांबवायला सांगा. इंजिनाचा धूर आणि गरम पाणी ज्या बाजूने पडतं तिच्या विरुद्ध बाजूला काम करा. मांटा जाळी बोटीच्या फेसाळ मागाबाहेर, दोन ते तीन नॉट (तासाला तितके सागरी मैल) वेगाने ओढतात. बोटीच्या रंगाचा एक कपचा वेगळ्या डबीत ठेवा, कारण जाळीत निळे-पांढरे कण सापडले की पहिला संशय स्वतःच्याच बोटीवर घ्यायचा असतो. शेजारी स्वच्छ पाण्याची एक बशी उघडी ठेवून द्या. हवेतून किती धागे पडले ते तिच्यावरून कळतं.

नमुने टिकवायची रसायनं, म्हणजे ल्युगॉलचं आयोडीन आणि फॉर्मॅलिन, कधीही उघड्या डेकवर हाताळू नका. खोल ट्रे, त्यात जुनं कापड, हातमोजे. सागवानावर आयोडीनचा तपकिरी डाग पडला तर पुढच्या शास्त्रज्ञालाही त्या बोटीवर जागा मिळणार नाही. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी बाटलीचं तोंड धरू नका.

बाकी वेळ भांडी घासा, दोऱ्या गुंडाळा, रात्रीचा पहारा मागून घ्या. मला वाटतं पुन्हा बोलावणं याच्यावर जास्त अवलंबून असतं.

११. परतल्यावर

आठवड्याच्या आत नोंदी संगणकावर चढवा, मूळ वहीची पानं स्कॅन करा आणि दोन्ही शास्त्रज्ञाकडे पाठवा. नमुने कुणी, कधी, कुणाच्या हातात दिले याची सहीसकट पावती ठेवा. आकडे कुणाचे, लेखात कुणाचं नाव येणार, हे निघण्यापूर्वी ठरलं नसेल तर आता तरी लेखी ठरवा. मालकाला दोन पानी अहवाल द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत, बोटीच्या मार्गाच्या नकाशासकट. तो फ्रेम करून लावतो, असं मी पाहिलं आहे. बोटीचे आणि पाहुण्यांचे फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट लहान बोटी बंद असतात, मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते. तबकडी, वही आणि पत्रं यांचं काम याच महिन्यांत उरकून घ्या, कारण हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि शास्त्रज्ञांच्या वेळापत्रकातल्या जागा त्याआधीच भरलेल्या असतात.